घरच्या माणसासाठी केअर सेंटर निवडताना: काय बघायचं, काय विचारायचं, पैशांचं गणित कसं मांडायचं

आई-बाबांपैकी कुणाला, किंवा घरातल्या एखाद्या आजारी माणसाला केअर सेंटरमध्ये ठेवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, "महिन्याचे किती घेतात?" आणि दुसरा, "खोल्या कशा आहेत?" प्रश्न रास्तच आहेत, पण ते आज जसा आहे त्या माणसापुरते आहेत. आज बाबा काठी घेऊन का होईना, फिरतात. केंद्राची खरी गरज लागते ती दीड-दोन वर्षांनी, काठी सुटून पलंग लागल्यावर. नेमक्या त्या वेळी "आमच्याकडे अंथरुणावरचे पेशंट ठेवत नाही" असं ऐकावं लागलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेही घाईत. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न मनात ठेवा: तब्येत आणखी ढासळली तर इथे काय होईल, आणि तेव्हा किती लागतील?

पायरी १: आधी घरातली स्थिती कागदावर उतरवा

केंद्रांची यादी काढण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. कोणत्या कामाला मदत लागते, किती वेळा लागते, रात्री किती वेळा उठावं लागतं, एवढंच लिहायचं. मोजमाप हवं असेल तर सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ साली मांडलेली पद्धत आजही जगभर वापरतात. त्यात सहा कामं आहेत: अंघोळ, कपडे घालणं, शौचालयाला जाणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर जाणं, लघवी-शौचावरचा ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. प्रत्येक कामापुढे "स्वतः करतात" किंवा "मदत लागते" असं लिहा.

या यादीचा खरा उपयोग तिच्या क्रमात आहे. ही कामं साधारण याच क्रमाने हातातून सुटतात, आधी अंघोळ आणि सगळ्यात शेवटी जेवण. म्हणजे आज अंघोळीला आणि कपड्यांना मदत लागत असेल, तर पुढचा टप्पा शौचालयाचा, हे धरून चालायला हरकत नाही. प्रत्येकाच्या बाबतीत तसंच होईल असं नाही. पक्षाघात किंवा हाड मोडणं एका दिवसात सगळा क्रम उलटापालटा करतं. पण अंदाज बांधायला एवढं पुरेसं आहे.

पडण्याचा धोका बघायचा असेल तर एक सोपी चाचणी आहे. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तोल जाण्याची भीती आहे असं समजतात. चाचणी घेताना शेजारी कुणीतरी उभं असूच द्या.

स्मृतिभ्रंश असेल तर वहीत वेगळं पान करा: संध्याकाळी अस्वस्थपणा वाढतो का, घराबाहेर निघून जातात का, औषध घेतलं हे विसरून परत मागतात का, अंगावर धावून येतात का. शेवटचा मुद्दा लिहायला जिवावर येतं, आणि बरीच घरं तो केंद्राला सांगतच नाहीत. सांगा. लपवून प्रवेश घेतला तर महिनाभरात "यांना घेऊन जा" असा फोन येतो, आणि त्या वेळी चूक केंद्राची नसते.

पायरी २: ज्यांच्याबद्दल ठरतंय त्यांना विचारा

माणूस समजण्याच्या अवस्थेत असेल तर त्याच्या पाठीमागे काहीही ठरवू नका. "तुम्हाला जायचंय का?" या प्रश्नाला उत्तर बहुधा "नाही" असंच येतं, म्हणून बारीक प्रश्न विचारा. एकटी खोली हवी की सोबत कुणी असलेलं बरं? सकाळी किती वाजता उठायला आवडतं? कोणती वस्तू बरोबर न्यायची? पूजा, वाचन, रेडिओ यातलं कशाशिवाय करमणार नाही? यातून मिळालेली दोन-तीन उत्तरं पुढे केंद्र निवडताना अटीसारखी वापरता येतात.

पायरी ३: कुठल्या प्रकारची जागा हवी

पाटीवर काहीही लिहिलेलं असो, जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात राहायची-जेवायची सोय आणि सोबत मिळते, पण अंगाला हात लावून करायची सेवा मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात अंघोळ, कपडे, औषधं देणं यासाठी मावशी-मामा असतात. तिसऱ्यात प्रशिक्षित सिस्टर चोवीस तास असतात आणि नळीतून अन्न, कॅथेटर (लघवीची नळी), ऑक्सिजन, जखमेचं ड्रेसिंग हे सगळं होतं. स्मृतिभ्रंशासाठी वेगळा विभाग दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात असू शकतो.

तुमच्या वहीतली आजची स्थिती पहिल्या प्रकारात बसत असली तरी त्याच संस्थेत पुढचा प्रकार उपलब्ध आहे का, हे विचारा. वय झालेल्या माणसाला दोनदा जागा बदलायला लावणं फार वाईट, आणि स्मृतिभ्रंश असेल तर प्रत्येक बदलानंतर गोंधळ वाढतो.

पायरी ४: जागा बघायला जाणं

दोनदा जा. एकदा वेळ ठरवून, एकदा न सांगता. दुसऱ्या खेपेला जेवणाची वेळ किंवा संध्याकाळ गाठा, शक्य तर सुट्टीच्या दिवशी, कारण कर्मचारी तेव्हाच कमी असतात. भेटीच्या वेळेबाहेर आत सोडतच नाहीत असं असेल तर कारण विचारा. अंघोळीच्या वेळी पाहुणे नकोत, हे कारण पटण्यासारखं आहे. "नियम आहे" हे कारण नाही.

ऑफिसात फार वेळ बसू नका. जो माणूस सगळ्यात जास्त परावलंबी आहे त्याच्या पलंगाजवळ जाऊन उभं राहता येतं का बघा, अर्थात त्याची लाज राखून. पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर आहे का? बेलची दोरी हातापाशी आहे, की पलंगामागे खोचून ठेवलीय? नखं कापलेली आहेत का, ओठ कोरडे पडलेत का? भरवणारी मावशी शेजारी बसून भरवते, की उभ्याउभ्या, दुसऱ्या कुणाशी बोलत? डोकं वर उचललेलं आहे ना? आडव्या माणसाला भरवलं तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. जेवणानंतरही निदान अर्धा तास बसतं ठेवायला हवं. वास येणं न येणं याला मी फारसं महत्त्व देत नाही. सकाळी थोडा वास कुठेही येतो. दुपारी चार वाजताही तोच वास असेल तर मात्र प्रश्न विचारायला हवा, आणि फिनाईलचा उग्र भपकारा येत असेल तर दुप्पट विचारायला हवा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे इथे बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होतात. बोटाने दाबलं तरी पांढरी न पडणारी लाली ही त्याची पहिली खूण. एअर बेड घातला म्हणजे कूस बदलायला नको, असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. चांगल्या केंद्रात कूस बदलण्याचा तक्ता पलंगाला लावलेला असतो. तो जरूर वाचा. एका ठिकाणी मी दुपारी दोनच्या सुमारास असा तक्ता बघितला. त्यात दोन, चार आणि सहा वाजताच्या चौकटींत आधीच सह्या होत्या, सगळ्या एकाच शाईत, एकाच झोकात. जागा चकाचक होती, लॉबीत ताजी फुलंही होती. त्या सह्यांनंतर आम्हाला बाकी काही विचारायची गरज उरली नाही.

तिथे राहणाऱ्या कुणाच्या नातेवाइकांशी दोन शब्द बोलता आले तर बघा. "चांगलं आहे का?" असं विचारलंत तर "हो, ठीक आहे" एवढंच मिळेल. "शेवटची तक्रार कशाबद्दल केली होती आणि पुढे काय झालं?" असं विचारा. तक्रारी सगळीकडे होतात. त्यानंतर काय होतं यावरून जागा कळते.

पायरी ५: माणसं मोजा, विशेषतः रात्रीची

"आमच्याकडे बारा मावशी आहेत" हे ऐकायला भरपूर वाटतं. हिशेब करून बघा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करत असेल, तर एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. म्हणजे बारा मावशी असल्या तर एका वेळी हजर असतात साधारण तीन, आणि सुट्ट्या-आजारपण धरलं तर कधी दोन. सकाळी अंघोळीसाठी जास्त लागतात, म्हणून रात्रीच्या वाट्याला बऱ्याचदा एकच येते. बारा तासांची पाळी असेल तर आकडा जरा सुधारतो, पण बाराव्या तासाला त्या बाईचे हात किती चालत असतील याचाही विचार करा.

तेव्हा प्रश्न एवढाच विचारा: "रात्री दोन वाजता या मजल्यावर किती माणसं जागी असतात आणि किती राहणारे असतात?" जागी हा शब्द मुद्दाम घाला. सोबत पुढचेही विचारून घ्या: डॉक्टर "ऑन कॉल" म्हणजे येतात की फोनवर सांगतात? रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सोबत कोण जातं, गाडी कुणाची, आणि मागे उरलेल्यांकडे कोण बघतं? इंजेक्शन कोण देतं? कॅथेटर कोण बदलतं?

आणखी एक विचारायचंच. अस्वस्थ पेशंटला शांत कसं करता? उत्तरात लगेच "गोळी देतो" आलं तर सावध व्हा. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिला होता. कधीकधी ती औषधं द्यावीच लागतात, पण डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने आणि घरच्यांना सांगून. पलंगाला हात बांधण्याबद्दलही हेच.

शेवटच्या दिवसांबद्दल विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारा. माणूस शेवटाकडे निघालाय असं कळल्यावर त्याला तिथेच, वेदना कमी ठेवून राहू देतात, की जबाबदारी नको म्हणून दवाखान्यात पाठवून देतात?

पायरी ६: पैसे

इथे घाई करू नका. सांगितलेला महिन्याचा आकडा म्हणजे खर्चाची सुरुवात असते.

आधी "यात काय धरलेलं नाही?" हे विचारा. डायपर, औषधं, डॉक्टरांची फी, फिजिओथेरपी, तपासण्या, एअर बेडचं भाडं, ऑक्सिजन, दवाखान्यात सोबत जाणाऱ्या माणसाचे पैसे, धुलाई, केस कापणं. यातलं जवळजवळ सगळं बहुतेक ठिकाणी वेगळं लागतं. केंद्राकडे तुमच्या माणसासारख्याच अवस्थेतल्या एखाद्या पेशंटचं, नाव झाकलेलं, प्रत्यक्ष बिल मागा. छापील दरपत्रकापेक्षा त्या एका कागदावरून जास्त कळतं.

मग काळजीची पातळी. चालणाऱ्या माणसाचा दर वेगळा, अंथरुणावरच्याचा वेगळा. दोन्ही आज लिहून घ्या, आणि पातळी बदलली हे कोण ठरवणार तेही. ठरवणारा केंद्राचाच मॅनेजर असेल तर तुमच्या डॉक्टरांचं मतही धरलं जाईल, अशी ओळ करारात घालायला सांगा.

त्यानंतर वार्षिक वाढ. समजा आज महिन्याला १०० लागतात आणि दरवर्षी ८ टक्के वाढ आहे. दुसऱ्या वर्षी १०८, तिसऱ्या वर्षी जवळपास ११७, चौथ्या वर्षी १२६, पाचव्या वर्षी १३६. पाच वर्षांचा एकूण खर्च आजच्या दराने काढलेल्या आकड्यापेक्षा १७ टक्क्यांनी जास्त भरतो, आणि नवव्या वाढीनंतर दर दुप्पट होतो. यात मध्येच अंथरुणावरचा दर लागू झाला तर उडी वेगळीच. किती वर्षं धरायची, हा प्रश्न मनाला टोचतो. तरी डॉक्टरांना विचारून एक लांबचा अंदाज घ्या आणि पैसे त्या अंदाजाला पुरतील असं बघा. पैसे उरले तर कुणाचं नुकसान नाही.

पैसे कुठून आणायचे? पहिला हक्क त्या माणसाच्या स्वतःच्या पैशांवर: पेन्शन, ठेवींचं व्याज, भाडं. ते आधी त्यांच्यावरच खर्च व्हायला हवेत. वारसांसाठी राखून ठेवून मुलांनी कर्ज काढणं हा उलटा कारभार, पण कितीतरी घरांत तो चालतो. मग मुद्दल, मग मुलांचे वाटे. आरोग्य विम्यावर विसंबू नका. तो दवाखान्यातल्या उपचारांचे पैसे देतो. अंघोळ घालणं, भरवणं, लक्ष ठेवणं याचे सहसा देत नाही. हीच उणीव भरून काढायला जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन काळजीसाठी वेगळा विमा सुरू केला. तुम्ही राहता तिथे सरकारी मदत, अपंगत्वाचा भत्ता किंवा करातली सूट मिळते का, हे एका बैठकीत हिशेबनीसाला विचारून टाका.

राहतं घर विकायची घाई नको. निदान सहा महिने माणूस केंद्रात रुळेपर्यंत थांबा. परत यावंसं वाटलं तर यायला जागा हवी, आणि ती जागा आहे या विचारानेही बरेच जण शांत राहतात.

एकरकमी भरा आणि आयुष्यभर राहा, अशा योजनाही असतात. त्या रकमेला महिन्याच्या दराने भागा. ६० आले तर तुम्ही पाच वर्षांचे पैसे आगाऊ देताय. मग तीन प्रश्न उरतात: पाच वर्षांच्या आत माणूस गेला तर काय परत मिळतं, संस्था बंद पडली तर पैसे कुठे सुरक्षित आहेत, आणि "आयुष्यभर" मध्ये अंथरुणावरची सेवा येते का? तिन्हींची लेखी उत्तरं नसतील तर माझं मत स्पष्ट आहे, महिन्याच्या महिन्याला द्या.

भावंडांत वाटणी करायची असेल तर ती तोंडी ठेवू नका. कोण किती देणार, वाढ झाली तर कोण सोसणार, एकाने देणं थांबवलं तर काय, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. जवळ राहणारी बहीण दर आठवड्याला जाते, दवाखान्यात पळते, डायपर आणून देते. तिच्या वेळेचीही किंमत धरा आणि पैशाचा वाटा त्या मानाने कमी करा. खर्चासाठी एकच वेगळं खातं ठेवा, ज्यात सगळ्यांचे पैसे येतील आणि ज्याचा तपशील सगळ्यांना दिसेल. आणि केंद्राशी बोलणारा माणूस एकच असू द्या. तीन भावंडांनी तीन वेगवेगळ्या सूचना दिल्या की मावशी एकही पाळत नाहीत.

सहीचा अधिकारही वेळेत बघा. साधं कुलमुखत्यारपत्र अनेक देशांच्या कायद्यांत त्या माणसाची समज गेली की निरुपयोगी होतं, नेमकं जेव्हा लागतं तेव्हाच. आई-बाबा समजून सही करू शकतात तोवर वकिलाला भेटा आणि बँक, उपचार, घर या तिन्हींचं काय ते करून घ्या.

पायरी ७: करार

घरी नेऊन वाचायला देत नसतील तर सही करू नका. त्यात हे शोधा:

- डिपॉझिट किती, त्यातून काय कापतात, किती दिवसांत परत देतात
- माणूस दवाखान्यात असताना खोलीचे पूर्ण पैसे लागतात का, आणि खोली किती दिवस राखून ठेवतात
- मुक्काम महिन्याच्या मध्येच संपला, म्हणजे माणूस गेला किंवा घरी आणलं, तर उरलेल्या दिवसांचं काय
- केंद्र कोणत्या कारणांवरून माणसाला काढू शकतं आणि किती दिवसांची नोटीस देतं

शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. "सांभाळणं शक्य नसल्यास" इतकं मोघम लिहिलेलं असेल तर उदाहरणं लिहून घ्या. पावतीशिवाय कोणतीही रक्कम देऊ नका, "देणगी" म्हणून मागितलेली तर नाहीच नाही.

पायरी ८: आधी थोडे दिवस राहून बघणं

कायमचा प्रवेश घेण्याआधी दोन ते चार आठवडे राहून बघायची सोय बरीच केंद्रं देतात. तिचा फायदा घ्या. जाताना एक पानभर माहिती लिहून द्या: औषधं आणि वेळा, कोणत्या कानाने ऐकू येतं, कवळी कुठे ठेवतात, रात्री दिवा चालू लागतो का, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने चिडतात आणि कशाने शांत होतात. सामानावर नाव घाला. चष्मा, कवळी आणि ऐकण्याचं यंत्र सगळ्यात आधी हरवतं.

पहिले काही आठवडे अवघड जातात. "घरी ने" हे रोज ऐकावं लागेल. काही ठिकाणी "पहिला महिना येऊ नका, म्हणजे लवकर रुळतील" असं सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. थोडा वेळ, पण ठरलेल्या दिवशी जा. निघताना खोटं सांगू नका. "उद्या येते" म्हणून आठ दिवसांनी जाण्यापेक्षा "रविवारी येते" म्हणून रविवारी जाणं बरं.

नंतर लक्ष कशावर ठेवायचं

दर महिन्याला वजनाचा आकडा मागा. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ६० किलोच्या माणसाचे महिन्याभरात तीन किलो गेले, तर "वय झालंय" हे उत्तर चालत नाही. भेटीत टाचा आणि पाठीची खालची बाजू स्वतः बघा. औषधांची यादी तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर ठेवा. पाचपेक्षा जास्त गोळ्या झाल्या असतील तर कुठली बंद करता येईल ते विचारा. बिल ओळ-ओळ तपासा, विशेषतः डायपरची संख्या.

तक्रार असेल तर आधी त्या पाळीच्या सिस्टरला, मग मॅनेजरला, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर लेखी. मावशींवर ओरडू नका. तुम्ही गेल्यावर तुमच्या माणसाजवळ त्याच असतात. पण न सांगितलेल्या जखमा, वारंवार पडणं, घटणारं वजन, किंवा तुम्ही अचानक गेलात की दारातच अडवणं, यातलं काही दिसलं तर करारातला नोटीसचा कालावधी बघून दुसरी जागा शोधायला लागा, आणि जागा ठरेपर्यंत भेटी वाढवा.